ढिल्या स्पर्शाची खरखर

जुन्या अँप्लिफायरचा आवाज वाढवायला जावं आणि गाण्याच्या आधी ‘खर्र-खुर्र’ कानावर यावं, हे सत्तर-ऐंशीच्या दशकातला सेट सांभाळणाऱ्यांना नवं नाही. नॉब एका ठरावीक जागी आला की डावा स्पीकर गप्प होतो. केसभर पुढे सरकवला की पुन्हा बोलू लागतो. मग घरात एक अलिखित नियम तयार होतो: आवाज जिथे नीट बसलाय तिथेच राहू द्यायचा, नॉबला हात लावायचा नाही. दुकानात नेलं तर उत्तर ठरलेलं असतं, “कंट्रोल गेलाय, बदलावा लागेल.” बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. नुसता मळलेला असतो, आणि घरच्या घरी साफ होण्यासारखा असतो. पण इतका किरकोळ मळ एवढा मोठा आवाज कसा काढतो, हे शोधायला निघालं की माणूस भलत्याच ठिकाणी पोचतो.

आधी नॉबच्या मागे काय आहे ते पाहू. तिथे दोन-अडीच सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची डबी असते. मेकॅनिक तिला ‘कंट्रोल’ किंवा ‘पॉट’ म्हणतात; पूर्ण नाव पोटेन्शियोमीटर. योहान पोगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञाने १८४१ साली विजेचा दाब मोजण्यासाठी जे उपकरण मांडलं होतं, त्याचा हा दूरचा वंशज. डबीत तपकिरी पट्टीवर कार्बनची भुकटी आणि रेझिन यांच्या शाईने छापलेला एक काळा कंस असतो, वर्तुळाला थोडा कमी पडणारा. कंसाच्या एका टोकाला गाण्याचा सिग्नल येतो, दुसरं टोक ग्राउंडला जोडलेलं असतं. नॉबला जोडलेली एक स्प्रिंगदार पितळी जिभली या कार्बनवरून फिरते आणि जिथे असेल तिथला वाटा उचलून पुढे पाठवते. स्टिरिओ सेटमध्ये एकाच दांड्यावर अशा दोन डब्या एकामागे एक बसवलेल्या असतात, डाव्या आणि उजव्या बाजूसाठी.

हा काळा कंस दिसतो तितका साधा नाही. नॉब बरोबर मध्यावर आणला की अर्धा सिग्नल पुढे जात असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात व्हॉल्यूमच्या कंट्रोलमधून मध्यावर जेमतेम दहा-पंधरा टक्केच पुढे जातो. याला कारण आपला कान. अगदी पुसट ऐकू येणारा आवाज आणि कानठळ्या बसवणारा आवाज यांच्या शक्तीत एकास एक लाख कोटी इतकं अंतर असतं, आणि कान हे सगळं अंतर पेलतो. सर्वांत पुसट आवाजाला कानाचा पडदा हायड्रोजनच्या अणूच्या व्यासापेक्षाही कमी हलतो. एवढी मोठी फूटपट्टी सांभाळायची म्हणून कान बेरजेने नाही, गुणाकाराने मोजतो. शक्ती दहापट केली तेव्हा कुठे आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणून नॉब फिरवताना आवाज सारख्या चालीने वाढतोय असं वाटायला हवं असेल, तर आतला कार्बन मुद्दाम विषम छापावा लागतो. कारखान्यात यासाठी वेगवेगळ्या रोधाच्या दोन-तीन शाया एकापुढे एक छापतात. जपानी कंट्रोलवर ‘१००के ए’ असं लिहिलेलं दिसतं, त्यातला ‘ए’ ही या विषम छपाईची खूण. ‘बी’ असेल तर छपाई सरळ. नवा कंट्रोल आणताना हे अक्षर पाहिलं नाही, तर नॉब जरासा फिरवताच आवाज अंगावर येतो आणि पुढचा सगळा फेरा वाया जातो.

आता खरखरीकडे वळू. जिभली कार्बनला टेकते म्हणजे नेमकं काय होतं?

स्पर्शाचा आयुष्यभर अभ्यास करणारा एक माणूस होऊन गेला, रॅग्नार होल्म नावाचा स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ. विजेच्या संपर्कबिंदूंवरचं त्याचं पुस्तक या विषयातलं मूळपीठ मानलं जातं आणि त्याच्या नावाने आजही परिषद भरते. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दोन पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी ते एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत. खडबडीत फरशीवर ठेवलेली परात जशी तीन-चार जागीच टेकते, तसंच. विजेचा सगळा प्रवाह त्या मोजक्या बारीक बिंदूंमधूनच वाट काढतो. बाकी जागी फट असते, किंवा ऑक्साइडचा, तेलाचा, धुळीचा पापुद्रा असतो. जिभली सरकते तेव्हा जुने बिंदू तुटतात आणि नवे जुळतात. स्वच्छ कंट्रोलमध्ये ही देवघेव इतकी सलग चालते की कानाला पत्ता लागत नाही. मळलेल्या कंट्रोलमध्ये मात्र मध्येच एखादा क्षण असा येतो की एकही बिंदू जुळलेला नसतो. सिग्नल तुटतो, जुळतो, तुटतो, आणि स्पीकर ते सगळं इमानदारीने ऐकवतो.

नुसतं ऐकवत नाही, वाढवून ऐकवतो. उदाहरण म्हणून १९७१ साली बाजारात आलेला मरँट्झ २२७० घेऊ. हौशी मंडळी आजही ज्याच्या मागे असतात असा हा रिसीव्हर, दर बाजूला ७० वॉटचा. आठ ओहमच्या स्पीकरवर ७० वॉट म्हणजे साधारण २४ व्होल्ट. त्या काळच्या सेटना पूर्ण आवाजासाठी मागून १५० मिलिव्होल्टच्या आसपास सिग्नल पुरत असे. म्हणजे कंट्रोलच्या पुढे गुणाकार सुमारे १६० चा. संध्याकाळी घरात गाणं ऐकताना एक वॉटही भरपूर होतो. त्या वेळी जिभलीवर असतात जेमतेम अठरा मिलिव्होल्ट. आपला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो, त्याच्या ऐंशीव्या भागाहूनही हे कमी. एवढ्याशा दाबाला मळाचा पातळसा पापुद्राही फोडता येत नाही. भिंतीवरच्या दिव्याच्या बटणात २३० व्होल्ट असतात; दर वेळी बारीक ठिणगी उडते आणि बटण स्वतःला साफ करून घेतं. संगीताच्या वाटेवर ठिणगीच नाही. म्हणून खोलीतला दिवा चाळीस वर्षं बिनतक्रार लागतो आणि शेजारचा अँप्लिफायर कुरकुरतो.

आपल्याकडच्या हवेचा त्यात हात आहेच. मुंबई, कोकण, गोवा इथली खारट ओल आणि शहरी हवेतले गंधकाचे अंश मिळून आतल्या चांदीवर काम करतात. जुन्या सेटच्या सिलेक्टर स्विचमध्ये चांदीचा मुलामा दिलेले संपर्क असायचे. घरातले पैंजण ज्या कारणाने काळे पडतात त्याच कारणाने हेही काळे पडतात: हवेतलं गंधक चांदीशी जुळून सिल्व्हर सल्फाइड तयार होतं, आणि ते वीज नीट जाऊ देत नाही. चोरबाजारातून किंवा आखातातून परतलेल्या कुणाकडून आलेला सेट वर्षानुवर्षं माळ्यावर पडून असेल, तर त्याची खरखर वापरातल्या सेटपेक्षा जास्त असते. फिरणारा नॉब आपली वाट थोडीफार झाडत राहतो. न फिरणारा मळ साठवतो.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण या खरखरीमागे मोठा इतिहास आहे. लंडनमधले डेव्हिड ह्यूज मूळचे संगीताचे प्राध्यापक, पुढे तारयंत्रांच्या शोधाने श्रीमंत झालेले. त्यांनी १८७८ साली दाखवून दिलं की दोन वस्तू एकमेकींना घट्ट न जोडता ढिल्या टेकवून ठेवल्या, तर जवळच्या आवाजाने तो स्पर्श कमी-जास्त होतो आणि त्यातून जाणाऱ्या प्रवाहावर आवाजाचा ठसा उमटतो. त्यांचं एक उपकरण म्हणजे आडवे ठेवलेले दोन खिळे आणि त्यांच्यावर टेकवलेला तिसरा. दुसऱ्यात कार्बनच्या दोन ठोकळ्यांमध्ये कार्बनचीच एक कांडी सैल अडकवलेली. त्यातून माशीच्या चालण्याचा आवाज ऐकू येतो म्हणून तेव्हा त्याचा बराच गाजावाजा झाला. कार्बनच्या अशाच गुणावर एडिसनही काम करत होते आणि श्रेयावरून वादही झाला, पण तो इथे बाजूला ठेवू. ह्यूज यांनी आपल्या मायक्रोफोनचं पेटंट घेतलं नाही, हे मात्र सांगायला हवं. पुढे सुमारे शंभर वर्षं जगभरातले टेलिफोन कार्बनच्या सैल दाण्यांवरच बोलले. आपल्याकडच्या काळ्या फोनचा आवाज बसला की लोक रिसीव्हर टेबलावर हलकेच आपटायचे, ते उगाच नव्हे: आत दाणे घट्ट बसलेले असायचे, ते सुटे होऊन आवाज परत यायचा.

म्हणजे ज्या गोष्टीला आपण आज बिघाड म्हणतो, तीच गोष्ट, कार्बनवरचा हललेला स्पर्श, टेलिफोनचा प्राण होती. नॉब फिरवताना ऐकू येणारी खरखर म्हणजे ह्यूज यांचा मायक्रोफोनच. फरक एवढाच की इथे त्याला कुणी बोलावलेलं नाही.

गोष्ट तिथे थांबत नाही. १८७९ साली ह्यूज यांच्या लक्षात आलं की खोलीत दुसरीकडे ठिणगी उडाली की त्यांच्या ढिल्या सांध्याला जोडलेल्या टेलिफोनमध्ये टिकटिक ऐकू येते, मध्ये तार नसतानाही. ग्रेट पोर्टलँड स्ट्रीटवरून रिसीव्हर कानाला लावून चालत चालत त्यांनी ती सुमारे पाचशे यार्डांपर्यंत ऐकली. रॉयल सोसायटीची बडी मंडळी १८८० साली हे पाहायला आली आणि त्यांनी हे सगळं आधीच माहीत असलेल्या विद्युत-प्रवर्तनाने होतं असा निर्वाळा दिला. ह्यूज खट्टू झाले आणि त्यांनी तो शोध छापलाच नाही. हकिकत उजेडात आली थेट १८९९ साली. तोवर रेडिओलहरींचं श्रेय हर्ट्झच्या नावावर जमा झालं होतं. त्याच १८९९ साली कोलकात्याचे जगदीशचंद्र बोस यांनी लोखंड आणि पारा यांच्या सैल स्पर्शाने बिनतारी लहरी पकडणाऱ्या उपकरणावरचा निबंध रॉयल सोसायटीपुढे मांडला. त्याआधीच्या उपकरणांत लहर आली की धातूचा कीस एकमेकांना चिकटून बसायचा आणि दर वेळी टिचकी मारून मोकळा करावा लागायचा. बोसांचं उपकरण आपलं आपण मोकळं होत असे. ढिल्या स्पर्शाला एवढ्या बारकाईने न्याहाळणारा माणूस आपल्या नॉबच्या खरखरीला नुसता कचरा म्हणाला नसता, असं मला वाटतं.

बरं, आता पेचकस हातात घेऊ. पण पहिला इलाज पेचकसाशिवायचा आहे: सेट बंद करा, प्लग काढा आणि प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. स्विचही खटाखट पुढेमागे करा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, निदान काही महिने तरी.

एवढ्याने भागलं नाही तर झाकण उघडावं लागतं, आणि इथे घाई कामाची नाही. नुसता स्विच बंद करून चालत नाही, कारण कित्येक जुन्या सेटमध्ये पॉवर स्विचच्या उघड्या टोकांवर २३० व्होल्ट तसेच उभे असतात. प्लग काढला तरी मोठे कंडेन्सर चार्ज धरून असतात. ट्रान्झिस्टरच्या सेटमध्ये ते साधारण तीस ते साठ व्होल्टवर कित्येक हजार मायक्रोफॅरडचे असतात. त्यांच्या टोकांना एक किलोओहम, पाच वॉटचा रेझिस्टर मिनिटभर लावून ठेवा आणि मल्टिमीटरने खात्री करून घ्या. पेचकस आडवा टेकवून ठिणगी काढायची मर्दुमकी नको. व्हॉल्व्हचा सेट असेल तर त्यात तीनचारशे व्होल्ट असतात आणि ते जीव घेऊ शकतात; तो जाणत्या माणसाकडेच न्यावा. जपानच्या घरगुती बाजारातून आलेला सेट १०० व्होल्टचा असतो, तेही मागच्या पाटीवर वाचून घ्या.

नॉब बहुधा ओढून निघतात. काहींना बाजूला बारीक स्क्रू असतो. तारा हलवण्याआधी मोबाइलवर दोन-चार फोटो काढून ठेवा. आता डबीकडे नीट पाहा. जिथे तीन टाके बाहेर आले आहेत, त्याच्या वरच्या अंगाला पत्र्यात एक बारीक चीर दिसेल. तीच आत जायची वाट. स्टिरिओ कंट्रोलला अशा दोन चिरा असतात. पहिलीतच फवारा मारून थांबलं तर एक बाजू सुधारते आणि दुसरी तशीच कुरकुरत राहते. क्लीनर कार्बन कंट्रोलसाठीचा, थोडं वंगण मागे ठेवणारा घ्यावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात तो मिळतो. नळी चिरेला लावून एकच बारीक फवारा, मग लगेच नॉब पूर्ण फिरवत राहायचा. थोड्या वेळाने चिरेतून ओघळ बाहेर येतो. तो पांढऱ्या कपड्यावर टिपून पाहा: तपकिरी-काळसर असेल. वर्षानुवर्षांची धूळ, झिजलेला कार्बन आणि सुकलेलं ग्रीस, सगळं त्यात असतं. दुसऱ्या फवाऱ्यानंतर ओघळ फिकट येतो, तेव्हा पुरे समजावं.

जास्त फवारला तर दांड्याच्या बाहेरच्या भागातलं घट्ट ग्रीसही धुतलं जातं. जुन्या सेटचा नॉब फिरवताना बोटांना जो जडसर, मखमली अडसर जाणवतो तो त्या ग्रीसचा. ते गेलं की नॉब सैलसर गरगरतो. आवाज स्वच्छ, पण निम्मी मजा गेली. सायकलच्या साखळीला मारायचा तो निळा-पिवळा डब्ल्यूडी-४० इथे नको. १९५३ साली सॅन दिएगोमध्ये तो पाणी हटवण्यासाठी तयार झाला; त्याचं तेल कार्बनवर राहतं आणि पुढे धूळ धरून ठेवतं. साफसफाई झाली की सेट रात्रभर उघडा ठेवावा. सकाळी पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड लावावा, म्हणजे बल्बमधून: कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि सेट वाचतो. तपासायला मी तानपुऱ्याची ध्वनिफीत लावतो. ख्याल किंवा लावणी लावली तर खरखर गाण्यात दडते. तानपुऱ्याच्या सलग झंकारात तुटलेला एकेक क्षण उघडा पडतो.

एवढं करूनही खरखर राहिली तर ती कशी आहे ते ऐका. मळाची खरखर ठरावीक जागी येते. नॉब कुठेही फिरवला तरी सारखीच खसखस येत असेल, वर मधूनच धप्प असा आवाज होत असेल, तर चोर कंट्रोलमध्ये नाही. कार्बनवर सिग्नलसोबत डीसी येत आहे आणि जिभली हलली की तोही हलतो. ही गळती करणारा असतो कंट्रोलच्या अलीकडचा छोटा कंडेन्सर. त्याच्या आत अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो, एका व्होल्टला जेमतेम सव्वा ते दीड नॅनोमीटर जाड. तो डीसी अडवतो आणि संगीत जाऊ देतो. एकाच डब्यात एका ऑक्साइडने आपलं गाणं वाचवायचं आणि दुसऱ्याने बिघडवायचं, असा हा मामला. वापराविना पडून राहिलं की हा थर कमकुवत होतो. कंडेन्सर बदलला की ‘गेलेला’ कंट्रोल आपोआप बरा होतो. चालू सेटमध्ये मीटर लावायची सवय नसेल तर हे काम कारागिराला द्यावं, पण त्याला एवढं जरूर सांगावं की खरखर सगळ्या फेऱ्यात सारखी आहे. त्याचा अर्धा दिवस वाचेल.

बेस-ट्रेबलच्या कंट्रोलना हाच इलाज. पीटर बॅक्सँडल यांनी १९५२ साली ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये मांडलेल्या मांडणीवर जगातले असंख्य टोन कंट्रोल चालतात. त्यांचे नॉब लोक वर्षानुवर्षं मध्यावरच ठेवतात, म्हणून तिथला मळ नेमका मध्यावर साचलेला असतो.

एक कोडं मात्र क्लीनरच्या फवाऱ्याने सुटत नाही. हळू आवाजात एक स्पीकर मुका असतो. व्हॉल्यूम क्षणभर मोठा केला की जागा होतो आणि नंतर हळू केला तरी चालत राहतो, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मुका. नॉब फिरवल्यावर सुधारतो म्हणून सगळे नॉबलाच दोष देतात. खरा दोषी असतो स्पीकरच्या वाटेवरचा रिले, म्हणजे सेट चालू झाल्यावर काही सेकंदांनी ‘टक्’ करतो तो. त्याच्या संपर्कावर पापुद्रा धरलेला असतो. हळू आवाजातला एखादा व्होल्ट तो फोडू शकत नाही. मोठ्या आवाजातले दहा-वीस व्होल्ट त्यात बारीक भोक पाडतात आणि मग त्या भोकातून संगीत मुकाट चालत राहतं. हा होल्मच्या पुस्तकातला धडाच आहे, आणि तो आपल्या दिवाणखान्यात चालू असतो. रिलेचं झाकण निघत असेल तर क्लीनरमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी दोन संपर्कांच्या मध्ये घालून, ते हलके दाबून ओढून घ्यावी, दोन-तीनदा. कागदावर काळी रेघ उमटते. पॉलिश पेपर वापरू नये. मुलामा पातळ असतो, एकदा घासला गेला की रिलेच बदलावा लागतो.